लांबी तीच, वजन तेच. मग पन्नास वर्षांत बदललं काय?

नाशिकमध्ये गंगापूर रोडला आमच्या अंगणात दोन गाड्या एकामागे एक उभ्या असतात. पुढे मुलाची २०२४ ची स्विफ्ट, मागे माझ्या सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची, १९७८ ची प्रीमियर पद्मिनी. घरी आलेला पाहुणा हटकून पद्मिनीच्या बोनेटवर थाप मारतो आणि म्हणतो, "हे खरं लोखंड. आत्ताच्या गाड्या म्हणजे नुसता पत्रा."

मी अंबडच्या एका कारखान्यात वीसेक वर्षं क्वालिटीत काम करते. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, ही सवय हाडात मुरलेली. म्हणून एका रविवारी टेप घेऊन बसले आणि दोन्ही गाड्यांची कागदपत्रंही काढली. पद्मिनी साधारण ३.९ मीटर लांब, स्विफ्ट ३.८६ मीटर. वजनं दोघींची नऊशे किलोच्या आसपास, आणि त्यातही स्विफ्टच काकणभर जड. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसी, स्विफ्टचं ११९७ सीसी. म्हणजे "तेव्हाच्या गाड्या अवजड, आताच्या हलक्या" हा समज निदान या दोघींना लागू पडत नाही. मापाने त्या सख्ख्या बहिणी आहेत.

तरीही पद्मिनी सुमारे ४० हॉर्सपॉवर देते आणि स्विफ्ट ८० च्या वर. आमची पद्मिनी शहरात लिटरला अकरा-बारा किलोमीटर जाते. स्विफ्टचा कंपनीने सांगितलेला आकडा २४.८ आहे, नाशिकच्या सिग्नलांवर तेवढा पडत नाही, पण पद्मिनीच्या दीडपटीहून बराच जास्त पडतो. मापं तीच असताना हा फरक कुठून आला, ते सांगायला हा लेख लिहिते आहे.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. पद्मिनीला लोक "व्हिंटेज" म्हणतात. जुन्या गाड्यांच्या शौकिनांच्या भाषेत व्हिंटेज म्हणजे साधारण १९१९ ते १९३० या काळातल्या गाड्या. पद्मिनी बसते ती "क्लासिक" या खान्यात. सरकारी व्याख्या मात्र तिसरीच आहे. तिच्याकडे शेवटी येते, कारण ती थेट खिशाशी आणि आरटीओशी निगडित आहे.

पद्मिनीचं कूळही थोडक्यात सांगते. ही मुळात इटलीची फियाट ११००. वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची, आणि १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं. मुंबईची काळी-पिवळी म्हणून तिला सगळा महाराष्ट्र ओळखतो. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली.

चोक म्हणजे काय, आणि तो गेला कुठे

डिसेंबरात निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या येतात, त्या दिवसांत नाशिकमध्ये सकाळी पद्मिनी सुरू करणं हे एक कामच असतं. चोक ओढायचा, ॲक्सिलेटर दोनदा दाबायचा, चावी फिरवायची, इंजिन धरलं की कान देऊन ऐकायचं आणि आवाज जड झाला की चोक हळूहळू आत ढकलायचा. स्विफ्टमध्ये बटण दाबलं की झालं.

या दोन कृतींमध्ये काय घडतं ते नीट कळलं, तर बाकीचा निम्मा लेख आपोआप कळेल.

पेट्रोल द्रवरूपात नीट जळत नाही. त्याचे अगदी बारीक तुषार करून ते हवेत मिसळावे लागतात, आणि प्रमाणही जपावं लागतं: एक किलो पेट्रोल पुरतं जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल जास्त झालं तर धूर, कमी झालं तर इंजिन अडखळतं आणि तापतं. द्राक्षबागायतदाराला हे सांगावं लागणार नाही. फवारणीत थेंब मोठे पडले की औषध पानावरून ओघळून मातीत जातं आणि बारीक तुषार उडाले की पानाला सगळीकडे लागतं. इंजिनातही नेमकं हेच.

पद्मिनीत हे काम कार्बोरेटर करतो. इंजिन हवा ओढतं, ती हवा कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून जाते. जुन्या नाशकातल्या वाड्यांमधल्या बोळात वारा कसा जोरात घुसतो, तसा तिथे हवेचा वेग वाढतो. वेग वाढला की त्या जागी दाब कमी होतो आणि बाजूच्या वाटीतलं पेट्रोल एका बारीक भोकातून आपोआप वर ओढलं जाऊन हवेत उडतं. या भोकाला जेट म्हणतात. ना वीज, ना पंपाचा दाब, फक्त हवेची ओढ. मला ही रचना आजही फार सुंदर वाटते.

पण तिला काही कळत नाही. जेटचं भोक ठरलेलं असतं. थंडीत पेट्रोल नीट उडत नाही, त्यातलं बरंचसं थंडगार नळीच्या भिंतीला चिकटून राहतं आणि इंजिनापर्यंत पातळ मिश्रण पोचतं. त्यावर उपाय म्हणून हवेच्या वाटेवर एक झडप अर्धवट लावायची, म्हणजे हवा कमी आणि पेट्रोल जास्त. ही झडप म्हणजेच चोक. इंजिन किती थंड आहे आणि ते कधी तापलं, हे ठरवणारा माणूस: अण्णा.

स्विफ्टमध्ये दाबाने पेट्रोल फवारणारे इंजेक्टर आहेत, म्हणजे बागेत फवारणीच्या एचटीपी पंपाचं नोझलच म्हणा. कधी उघडायचं आणि किती मिलिसेकंद उघडं राहायचं, हे ईसीयू नावाचा छोटा संगणक सांगतो. इंजिनातलं पाणी किती गरम आहे, हवा किती येते आहे, ॲक्सिलेटर किती दाबला आहे, याच्या खबरा त्याला सेन्सर देतात. सायलेन्सरच्या वाटेवर एक ऑक्सिजन सेन्सर असतो. जळून बाहेर पडलेल्या धुरात ऑक्सिजन उरला आहे का, हे तो सतत तपासतो आणि पुढचं मिश्रण त्यानुसार सुधारलं जातं. स्वयंपाक करणाऱ्याने दर क्षणाला आमटीची चव घेऊन मीठ जुळवावं, तसं. चोक कुठे गेला, तर तो या सगळ्यात विरघळून गेला.

नाशिककरांना इंजेक्टर हा शब्द परका नाही. त्र्यंबक रोडवरच्या मायको सर्कलला ते नाव ज्या कारखान्यावरून पडलं, ती मायको म्हणजे आजची बॉश, आणि तिच्या सातपूरच्या कारखान्यात डिझेल इंजिनांचे इंजेक्टर आणि नोझल बनत आले आहेत. फवारणीचं भोक किती काटेकोर असावं लागतं, हे या शहरातल्या हजारो घरांनी रोजीरोटी म्हणून पाहिलं आहे.

ठिणगी

मिश्रण तयार झालं, आता ते पेटवायचं. पद्मिनीत प्लगांना आळीपाळीने वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर असतो, आणि त्याच्या टोपीखाली दोन छोटे धातूचे ठिपके असतात. मिस्तरी त्यांना "पॉइंट" म्हणतात. ते उघडले की कॉइलमधला विजेचा प्रवाह तुटतो आणि त्या झटक्याने प्लगवर ठिणगी पडते. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असेल, तर दर दोन फेऱ्यांत चार ठिणग्या, म्हणजे मिनिटाला सहा हजार, सेकंदाला शंभर. हे पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडतात आणि मिटतात! साहजिकच ते जळतात, झिजतात, त्यांच्यातलं केसभर अंतर बदलतं आणि गाडीचा पिकअप जातो. मग फीलर गेज आणि काचकागद घेऊन बसायचं. आमचे जुने मिस्तरी तर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावायचे आणि कुठला टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणारा भाग, वाजतो आहे ते सांगायचे. ते कौशल्य मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, म्हणून त्याच्याबद्दल बोलताना आवाज आपोआप खाली येतो.

स्विफ्टमध्ये पॉइंट नाहीत, डिस्ट्रिब्युटरही नाही. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर त्याची स्वतःची कॉइल, आणि इंजिनाचा दांडा कुठल्या कोनात आहे हे सांगणारा सेन्सर. झिजायला काही हलतच नाही.

आता ४० चे ८० कसे झाले, त्याचं उत्तर इथेच मिळतं. पेटवण्याआधी मिश्रण जितकं दाबाल, तितकी त्यातून ताकद जास्त निघते. पद्मिनी ते आठपटीच्या आसपास दाबते. त्यापुढे दाबलं असतं, तर त्या काळच्या पेट्रोलवर मिश्रणाचा काही भाग ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच आपोआप भडकला असता आणि इंजिनात खडखडाट झाला असता. त्याला नॉकिंग म्हणतात आणि ते पिस्टनच्या मुळावर येतं. आजची छोटी इंजिनं दहापटीच्याही पुढे दाबतात, कारण एक सेन्सर त्या खडखडाटाची पहिली चाहूल घेतो आणि संगणक ठिणगी किंचित उशिरा पाडतो. माणसाच्या कानाला तो आवाज येण्याआधी दुरुस्ती झालेली असते. शिवाय स्विफ्टच्या प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, पद्मिनीच्या दोन. हवा मोकळी आत येते, धूर मोकळा बाहेर जातो.

कसारा घाट

जुनी आणि नवी गाडी यातला फरक नाशिककराला कुठे कळत असेल, तर तो कसारा घाटात.

एप्रिल-मे महिन्यात मुंबईहून येताना घाट चढता चढता पद्मिनी गचके खायची आणि बंद पडायची. मग अण्णा बोनेट उघडून पेट्रोल पंपावर ओला फडका टाकून बसायचे. (हा पंप इंजिनालाच चिकटलेला, हातभर आकाराचाही नाही.) मी नवी सून होते, मला वाटायचं हा काही तरी घरगुती तोडगा आहे. पण त्यात पक्कं शास्त्र आहे. हा पंप टाकीतलं पेट्रोल ओढून घेतो. ओढ म्हणजे नळीतला दाब कमी. दाब कमी झाला की द्रव कमी तापमानाला उकळतो. त्यात वर इंजिनाची धग. नळीत पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ ओढू शकत नाही, इंजिन उपाशी. ओल्या फडक्यातलं पाणी उडताना पंपाची उष्णता घेऊन जातं, वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं, गाडी सुरू. स्विफ्टचा पंप टाकीत, पेट्रोलमध्येच बुडालेला असतो आणि तो ओढत नाही, मागून ढकलतो. नळीतला दाब हवेच्या दाबाच्या तीन-चार पट. दाबाखाली पेट्रोल इतक्या सहजी उकळत नाही.

घाट उतरताना गोष्ट ब्रेकची. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ड्रमच्या आतून दोन पट्टे बाहेर दाबले जातात. उतारावर सारखे ब्रेक लावले की ड्रम तापून फुगतो, पट्ट्यांपासून लांब जातो, आणि पट्ट्यांचं अस्तरही तापून गुळगुळीत पडतं. पाय तळाला टेकतो, गाडी मात्र हवी तशी थांबत नाही. म्हणून अण्णांनी मला शिकवलेला पहिला नियम हा होता: "अगं, ज्या गिअरमध्ये घाट चढलीस, त्याच गिअरमध्ये उतरायचा." इंजिनच गाडीला धरून ठेवतं. स्विफ्टलाही मागे ड्रमच आहेत. पण मोठा भार येतो तो पुढच्या चाकांवर, आणि तिथे उघड्या हवेत फिरणारी डिस्क असते, ती लवकर निवते. वर एबीएस: चाक घसरायला लागलं की ब्रेक सेकंदात अनेकदा सैल-घट्ट होतो आणि स्टिअरिंग तुमच्या हातात राहतं. अण्णांचा नियम मात्र मुलालाही शिकवला आहे. एबीएस तापलेल्या ब्रेकला थंड करत नाही.

"खरं लोखंड"

आता त्या बोनेटवरच्या थापेकडे येते. यावर मला सर्वांत जास्त बोलायचं आहे, कारण या समजापायी माणसं जिवाला मुकतात.

पहिली गोष्ट, पद्मिनीलाही वेगळा चॅसिस नाही. तिची बॉडी हाच तिचा सांगाडा आहे, आजच्या गाड्यांसारखाच. दुसरी गोष्ट, अपघातात गाडी चेपली नाही हे चांगलं लक्षण नव्हे.

द्राक्षाची पेटी आठवा. पेटीला धक्का बसला आणि पुठ्ठा दबला, तर आपण हळहळत नाही. आतला घड फुटता कामा नये. पुठ्ठ्याऐवजी जाड लोखंडी डबा केला, तर डब्याला पोचाही येणार नाही आणि आतल्या द्राक्षांचा मात्र रस होईल. गाडीत आपण घड आहोत.

आकड्यांत सांगते. गाडी ताशी ५४ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाने, भिंतीवर आदळली. पुढचा भाग ६० सेंटिमीटर चेपत थांबली, तर आतल्या पट्टा लावलेल्या माणसावर सरासरी त्याच्या वजनाच्या १९ पट जोर येतो. तीच गाडी २० सेंटिमीटरमध्येच ताठ थांबली, तर ५७ पट. चेपण्याचं अंतर तिप्पट, तर जोर एक तृतीयांश. म्हणून नवी गाडी दोन स्वभावांची बनवतात: पुढचा-मागचा भाग मुद्दाम चेपणारा आणि माणसं बसतात ती खोली अतिशय बळकट पोलादाची. ही कल्पना मर्सिडीजच्या बेला बारेनी या अभियंत्याने १९५० च्या दशकात मांडली. तीन टोकांचा सीटबेल्ट व्होल्वोच्या नील्स बोलिन यांनी १९५९ मध्ये आणला. म्हणजे ज्ञान पद्मिनीच्या आधीचं आहे, ते तिच्यापर्यंत पोचलं नाही इतकंच.

याचा पुरावा कुणालाही पाहता येतो. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या रस्ता-सुरक्षा संस्थेने २००९ मध्ये १९५९ ची लांबलचक शेवरोले बेल एअर आणि २००९ ची शेवरोले मालिबू ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरासमोर अर्धवट आदळवल्या. जुन्या गाडीतली चालकाची जागाच कोसळली. नव्या गाडीची पुढची बाजू पार गेली, पण आतली खोली टिकून राहिली. पद्मिनीच्या स्टिअरिंगचा दांडा समोरून धडक बसल्यावर सरळ छातीकडे येतो. आजच्या गाडीत तो दुमडतो, आणि स्विफ्टमध्ये वर सहा एअरबॅग. पाहुण्यांना मी हे प्रत्येक वेळी सांगते. काहींना आवडत नाही.

जागेबद्दल दोन वाक्यं. पद्मिनीचं इंजिन उभं बसवलेलं, ताकद मागच्या चाकांना, म्हणून मधून लांब दांडा जातो आणि पायाखाली उंचवटा येतो. स्विफ्टमध्ये इंजिन आडवं आणि ताकद पुढच्या चाकांना, त्यामुळे आखूड बोनेटमध्ये सगळं मावतं आणि आतली जागा वाढते. आपल्याकडे ही रचना १९८३ च्या अखेरीस मारुती ८०० ने घरोघरी नेली.

पद्मिनी ठेवायची असेल तर

घरात अशी गाडी वारशाने आलेली असेल, तर सगळ्यांत आधी पेट्रोलच्या नळ्या बघा. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, उसापासून आणि मक्यापासून केलेलं. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं आणि चिरा पाडतं, हवेतलं पाणी शोषून घेतं, त्या पाण्याने टाकी आणि कार्बोरेटर आतून गंजतात. आमच्या पद्मिनीची नळी अशीच बोनेटखाली पाझरायला लागली होती. वासाने कळलं, नाही तर भडका उडाला असता. इथेनॉलला चालणाऱ्या रबराच्या नळ्या आणि पंपाचा पडदा बदलून घ्या. शिवाय इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे हवेचं प्रमाण १४.७ वरून साडेतेराच्या आसपास यावं लागतं. स्विफ्टचा ऑक्सिजन सेन्सर ते ओळखून इंजेक्टर थोडा जास्त उघडा ठेवतो. पद्मिनीचं जेट तेवढंच राहतं, मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन जास्त तापतं. आमच्या मिस्तरींनी एक नंबर मोठं जेट बसवलं, तेव्हा कुठे ती शांत झाली. गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल, तर कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल काढून टाका.

धुराबद्दलही खरं सांगायला हवं. एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या गाड्या बीएस-६ या सरकारी प्रदूषण निकषाच्या आहेत. त्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. विषारी वायूंचं कमी घातक वायूंत रूपांतर तो करतो, पण मिश्रण अगदी नेमकं असेल तरच. कार्बोरेटर मागे पडला तो प्रामुख्याने याच कारणाने, आळशी लोकांना चोक नको होता म्हणून नव्हे. पद्मिनीला कन्व्हर्टर नाही. म्हणून आम्ही ती रोज काढत नाही. महिन्यातून दोन रविवार, पहाटे, त्र्यंबक रोडने, ताशी साठच्या आत.

आणि आता ती सरकारी व्याख्या. केंद्राच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली आणि चॅसिस, बॉडी, इंजिन मूळ रूपात असलेली दुचाकी किंवा चारचाकी "व्हिंटेज" म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, आणि नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर "व्हीए" ही अक्षरं येतात. त्यानंतर ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच. म्हणजे जी माणसं जुनी गाडी घेऊन भाजी आणायला जातात, त्यांनी ही नोंदणी करू नये, नेहमीचीच दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी.

आमची पद्मिनी २०२८ मध्ये पन्नास पूर्ण करेल. अर्ज करायचा की नाही, यावर घरात एकमत नाही. अण्णांना ती पाटी हवी आहे. मुलाला गाडी चालवायची आहे. गेल्या डिसेंबरपासून चोक तोच ढकलतो, आणि अण्णा ओट्यावर बसून डोळे मिटून ऐकत असतात.